आईचं भाषांतर

“आई काय म्हणते ते जरा मराठीत सांग,” बाई मला म्हणाल्या.

महाडच्या शाळेत मी नववीत होते. आमचं गाव पोलादपूरच्या वर, डोंगरात. मी ‘नाय’, ‘हाय’ बोलते म्हणून मराठीच्या बाईंनी मला आठवडाभर दाराबाहेर उभं केलं होतं. आईला हे कळलं. ती भाताची लावणी अर्धी टाकून एसटीने आली. वर्गाच्या दारात उभी राहिली.

“माजी पोर हुशार हाय, बाय. तिला भायेर उबी नका करू.”

साधं बोलणं. बाईंना अक्षर न् अक्षर कळलं होतं. तरी मला सांगायला लावलं.

आणि मी सांगितलं. “माझी मुलगी हुशार आहे.” अख्खा वर्ग हसला. आईकडे बघून मीही हसले. बाई म्हणाल्या, “शाबास, ये आत.”

आई तशीच माघारी गेली. पुढे घरी कुणी शिकलेलं माणूस आलं की ती गप्प व्हायची. म्हणायची, “तू बोल गो. माजा चुकंल.” मरेपर्यंत.

बाईंची भाषा मी पाठ केली. डी.एड. केलं, शिक्षिका झाले. गाव विचारलं की महाड सांगायचे.

मग बाई निवृत्त झाल्या. शाळेतल्या निरोपाला मला बोलावलं. पुढच्या रांगेत वकील, डॉक्टर, दुकानदार. बाई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “हिला ऐकून कोण म्हणेल, ही डोंगरातली आहे?”

टाळ्या पडल्या. मी माइक घेतला.

“मी डोंगरातलीच हाय. माजी आय हितंच दारात उबी होती.”

सगळं सांगितलं. तिच्याच बोलीत. मी हसले होते, तेही सांगितलं. टाळ्या नाहीत. बाई मान खाली घालून शालीचं टोक मुरगाळत होत्या. त्यांचा मुलगा जवळ आला.

“आजच्या दिवशी हे नको होतं.”

“माज्या आयला कोनी दिवस इचारला हुता?”

बाई रडल्या. मला बरं वाटलं. आजही वाटतं. लपवत नाही.

आता माझ्या वर्गातली पोरं घरी बोलतात, तसंच लिहितात. परवा तपासणीला साहेब आले. वह्यांवर लाल रेघा ओढल्या, शेरा मारला: भाषा अशुद्ध. मी खाली लिहिलं, ‘मान्य नाय’, आणि सही केली.

लेखी खुलासा मागितलाय. देनार हाय. नोकरी जाईल म्हनतात. जाऊ दे. पोरांच्या वहीतला एक अक्षर बदलनार नाय.