नर्स होण्याआधी कौल

कोल्हापूरच्या स्टँडवर सावंतवाडीची एसटी लागली तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं. दुकानातल्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या, "पावसाळ्यातलं कोकण म्हणजे काय विचारायचं! मजा कर, येताना काजू आण." त्यांना काय सांगणार? मी माझीच बारावीची गुणपत्रिका माझ्याच भावाकडून सोडवून आणायला निघाले होते.

साड्यांच्या घड्या घालून घालून तिशी उलटली. नर्सिंगला जायचं ठरवलं, तर आधी कॉलेजं आडवी आली. पदवीला विज्ञान लागतं, माझी कला शाखा, त्यात इंग्रजीत एकदा आपटलेली. एका ठिकाणच्या बाईंनी "या वयात?" म्हणून मला नखशिखान्त पाहून घेतलं. शेवटी एका कॉलेजात कळलं, की जीएनएमच्या डिप्लोमाला कला शाखा चालते आणि वयही बसतं. फक्त मूळ गुणपत्रिका हवी. ती गावी कपाटात, आणि कपाटाची चावी दादाकडे. दादा फोनवर म्हणाला, "आदी कौल लावया, मगे बघया." (कौल म्हणजे देवाच्या मूर्तीला ओल्या फुलांचे कळे चिकटवून विचारायचं. उजवा कळा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही.)

आंबोलीला गाडी चहासाठी थांबली. धुक्यात समोरचं काही दिसत नव्हतं आणि लोक त्या न दिसण्याचेच फोटो काढत होते. घाट उतरायला लागलो आणि माझ्या शेजारच्या मावशींना उलट्या सुरू झाल्या. सगळ्यांनी आधी पाय वर घेतले, मग नाकाला रुमाल लावले. मी मावशींचं कपाळ धरलं, पिशवी पुढे केली, पदर पुसून दिला.

"नर्स आसस गो तू?" जरा शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं. त्या आरोंद्याच्या फिलोमिनाबाय. त्यांची मुलगी गोव्यात नर्स आहे म्हणे.

"व्हवचा आसा. पण घरातले कौल लावूक बसलेत," मी म्हटलं.

"आमच्यात कौल नसता," त्या म्हणाल्या, "पण घोव (नवरा) आसता. माझ्या चेडवाक (मुलीला) तेणां वरीसभर आडवून ठेवलेला."

सावंतवाडीला गाडी बदलली. आमचं गाव आरोंद्याच्या अलीकडे, खाडीला लागून. पाणी गढूळ तांबूस झालेलं, होड्या काठावर झापांखाली (माडाच्या विणलेल्या झावळ्यांखाली) झाकलेल्या. एरवी इथे पोचलं की मला बरं वाटतं. या वेळी नाही वाटलं.

आयेने तिसऱ्यांचं (खाडीतल्या शिंपल्यांचं) सुकं आणि घावणे केले होते. पहिला घास घेतला आणि दादा सुरू झाला.

"परक्यांचा हगणामुतणा काढूक जातलंस? लोक काय म्हणतले?"

"बाबांचा दोन वर्सा कोणी काढल्यान?"

"ता घरचा काम."

बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी नोकरी सोडून घरी आले होते. त्यांना कुशीवर वळवणं, पाठीला जखम होऊ न देणं, चमच्याने पेज भरवणं, ते जाईपर्यंत सगळं मी केलं. ते मी केलं तेव्हा माया होती. तेच शिकून, पगार घेऊन करायचं म्हटलं की घराण्याचं नाक कापलं जातं. मला अस्सा संताप आला.

"तू गोंयाक हाटेलात कामाक गेलस, तेवा कौल खंय होतो?"

दादाने ताट पुढे केलं. आणखी एक घावण मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रवळनाथाच्या देवळात गेलो. भावकीतले पाचसहा जण आले होते. गुरवकाकांनी कळे लावले आणि गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने मागणं मांडायचं आणि प्रत्येक मागणीला जमलेल्या सगळ्यांनी हुंकार द्यायचा. काय मांडायचं ते घरचा पुरुष सांगतो. दादाने काकांच्या कानात सांगितलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या मनात जा काय भरला हा, ता दूर कर, आणि तेका घराकडेच सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. आये म्हणाली. आणि लहानपणापासूनची सवय, मीही म्हणाले.

शब्द तोंडातून गेल्यावर अर्थ कळला. माझ्याविरुद्धच्या मागण्याला मीच हुंकार दिला होता. आता राग दादाचा नव्हता, माझ्या तोंडाचा होता.

"काका, ह्या माझा गाऱ्हाणा न्हय," मी म्हटलं. "माझा मी घालतंय."

"बायलमाणसा घालनत नाय गो," काका म्हणाले. पण मी पुढे झाले होते.

"बा देवा म्हाराजा," माझा आवाज चिरकला, "माझ्या बापाशीक दोन वर्सा मी सांभाळलंय. तेवा तुका कोणी इचारूक नाय. आता ताच काम शिकूक जातंय. माझ्या वाटेत कोणी आडवो येवक नको रे म्हाराजा."

कोणी बोलेना. हुंकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. दादा खांबाकडे बघत होता.

"व्हय म्हाराजा," मागून आये म्हणाली. एकटीच.

काकांनी डोकं खाजवलं. "आता उजवो पडलो तर कोणाचा गाऱ्हाणा खरा धरूचा?"

कोणालाच माहीत नव्हतं. सगळे बसून राहिलो. दमट हवेत कळे दगडाला घट्ट चिकटलेले, ना उजवा हलत होता ना डावा. माझ्या गाडीची वेळ होत आली. मग आये उठली आणि भावकीसमोर तिने दादापुढे हात पसरला.

"चावी दी. चेडवाची गाडी चुकतली."

"कौल पडांदे गे आये."

"चावी दी."

त्याने दिली. चारचौघांत आईला नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही.

परतीच्या घाटात धबधबे ऐन जोरात होते. मी पाहिले नाहीत, गुणपत्रिकेची पिशवी पोटाशी धरून बसले होते. हवं ते मिळालं होतं, तरी राग उतरत नव्हता. शिकायला जाण्यासाठी मला देवापुढे आवाज चढवावा लागला, आणि दादा नुसती बॅग उचलून गेला होता. हा राग मी ठेवणार आहे. रात्रपाळीत झोप यायला लागली की उपयोगी पडेल.

कोल्हापूरला उतरले आणि आयेचा फोन आला.

"कळो पडलो गो, तिनसांजेक."

मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "खंयचो?"

"मी बघूक नाय," आये म्हणाली. "पडलेलो दिसलो तसा फुला एकठय केलंय आणि खाडयेत सोडून इलंय. तू जेवलंस काय?"