डोळ्यातली टिकली

दिवाळी सरली की शिरूर कासारजवळची ती वस्ती एका दिवसात ओस पडते. ट्रक येतो. भांडीकुंडी, अंथरुणं, लेकरं, कोंबड्या, सगळं वर चढतं आणि ऊसतोडीला निघून जातं. मागं राहतात कुलपं, कोयता न पेलणारी म्हातारी माणसं आणि मनिषा. कुलपांच्या किल्ल्या मनिषाकडंच असतात. जिला कुणी हळदीला पुढं बोलवत नाही, तिच्या हातात घर मात्र लोक बिनघोर देऊन जातात.

पूर्वी मनिषाही जायची. आई सुभद्राबाई ऊस तोडायची, ही मोळ्या बांधायची. वय शाळेचं. एका सकाळी उसाचं पान सपकन डाव्या डोळ्यावर बसलं. त्या पानाची धार ज्याला माहीत नाही त्यानं एकदा बोट फिरवून बघावं. मुकादम म्हणाला, "गाडी भरू द्या, मंग बघू." गाड्या भरत राहिल्या. कुणी डोळ्यात मध घातला, कुणी बाळंतिणीचं दूध. दवाखान्यात नेईपर्यंत बुबुळावर पांढरं फूल पडलेलं. त्या डोळ्याला आता माणूस दिसत नाही. उजेड आला-गेला एवढं कळतं, आणि भडक रंग असला तर धुक्यातून दिसावा तसा दिसतो.

नजर गेली त्याचं लोकांना काही नव्हतं. फूल दिसतं, त्याचं होतं. थोरल्या भावाच्या लग्नात करवली म्हणून नवरदेवाच्या मागं कलश घेऊन उभं राहायचा मान सख्ख्या बहिणीचा. तो चुलत बहिणीला, प्रियदर्शनीला दिला. मनिषाला तोंडावर कुणी नाही म्हणालं नाही. ती नवी साडी नेसून मांडवात आली तेव्हा कलश आधीच दुसरीच्या हातात होता. बास. आपल्याकडं अपमान असाच करतात, आवाज न करता.

गेल्या पोळ्याच्या सुमारास धाकटा भाऊ सोमेश्वर तिला मोटारसायकलवर बसवून नगरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथं चांगल्या डोळ्याशी रंग जुळवून तिला एक मऊ लेन्स करून दिली. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी, मधोमध काळी बाहुली, भोवती तपकिरी कडं. डोळ्यात बसली आणि फूल झाकलं. आरशात दोन सारखे डोळे. मनिषा हसली नाही, रडलीही नाही. आरसा तेवढा खाली ठेवेना.

लेन्स शिकवणारी बाई खमकी होती. "आधी नखं काढ," म्हणाली. साबणानं हात धू, टॉवेलला पुसू नको, धागा चिकटतो, हात हवेत वाळू दे. लेन्स बोटाच्या टोकावर ठेवून बघ. काठ वाटीसारखा उभा राहिला तर सुलटी, ताटलीसारखा बाहेर पसरला तर उलटी. तिला पाणी लावायचं नाही, मग ते नळाचं असो का उकळलेलं, आणि थुंकी तर अजिबात नाही. झोपताना काढायची, दुपारच्या डुलकीलासुद्धा. लेन्स रात्री ठेवायच्या डबीतलं औषध रोज सांडून टाकायचं, नवं घालायचं. आणि डोळा लाल झाला, दुखायला लागला, की जागच्या जागी काढायची आणि थेट इकडं यायचं. मनिषानं तिच्यासमोर पुन्हा पुन्हा घालून-काढून दाखवली, तेव्हाच बाईनं सोडलं.

वस्तीवर शेजारच्या, नात्यानं आत्या लागणाऱ्या आणि मोतीबिंदूनं अर्ध्या आंधळ्या छबुबाईनं तिचं तोंड हातानं जवळ ओढून बघितलं.

"काय गं, टिकली डोळ्यात घातली व्हय? कपाळ लहान पडलं का तुझं?"

"लेन्स म्हनत्यात तिला, आत्या."

"म्हनू दे. मला तर तू आधी बी अशीच दिसायचीस. धुरकट."

"तुमच्यासाठी न्हाईच घातली."

"मंग कोनासाठी?"

मनिषा चुलीकडं वळली. पण उत्तर सगळ्या वस्तीला माहीत होतं. सोमेश्वरचं लग्न चकलांब्याच्या मुलीशी ठरलं होतं, हंगाम संपला की बार उडणार होता. आणि आई म्हणाली होती, "आवंदा कलश तूच धर. पन त्या भिंगाची सवय ठेव बाई. ऐन टायमाला डोळ्यातून पानी गळाया नको."

ट्रक गेले. मनिषानं सवय ठेवली. उठल्या उठल्या हात धुऊन लेन्स घालायची ती अंथरुणावर पडेपर्यंत. बघायला कोण? बंद दारं आणि छबुबाई. तरी घालायची. दुपारी कुलपं लावलेल्या घरांसमोरच्या मोकळ्या जागेत तांब्यात नारळ ठेवून दोन्ही हातांवर धरायची आणि सावकाश चालायची, मान ताठ, नजर पुढं. पुढं नवरदेव नाही, मागं बायका नाहीत, वाजंत्री नाही. एखादा कुत्रा मागं यायचा, थोडं चालून कंटाळून बसायचा. संध्याकाळी आईचा फोन लागला तर लागला. मागनं ट्रॅक्टरचा आवाज, आई ओरडून विचारायची, "जेवलीस का?" ही म्हणायची जेवले, आणि फोन बंद. मग पुन्हा दुसऱ्या दिवशीपर्यंत छबुबाईशिवाय कुणाशी शब्द नाही.

बाईनं सांगितलेलं सगळं ती पाळायची. एकच गोष्ट तिच्या हातून होईना. डबीतलं औषध फेकणं.

या वस्तीवर टँकर येतो तो आला तर. भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी विसळतात, भांड्यांचं पाणी शेवग्याला घालतात. लेकरानं पेल्यात अर्धं पाणी ठेवलं तर त्याला थोबाडीत बसते. अशा घरात वाढलेल्या बाईला तुम्ही सांगता, ही नितळ, स्वच्छ चीज रोज सकाळी मातीत ओत. हात धजत नाही. मनिषा डबी उचलायची, उजेडात धरायची. कचरा नाही, गढूळ नाही, वास नाही. मग जुन्यातच वरून थोडं नवं घालायची. रांजणात भर घालतात तशी.

माघात डोळा खुपायला लागला. धूळ गेली असेल, तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी लाल झाला. उजेड सोसवेना, पाणी थांबेना. लेन्स काढून ठेवली.

"शेवग्याच्या पाल्याचा रस पिळ दोन थेंब," छबुबाई म्हणाली.

"एकदा मध घालून बघितलाय, आत्या. फूल आलं त्याला."

"मंग मेडिकलातून थेंब आन. लाली जाती म्हनं."

"डाक्टरनं लिहून दिल्याबिगर न्हाई घालायचं काय बी."

"एवढं कळतंय तर हितं कावून बसलीस?"

का बसली होती? सकाळीच आईचा फोन आला होता, चकलांब्याच्या बायका करवलीचा फोटो मागतात म्हणून. मनिषानं सुजलेल्या डोळ्यात पुन्हा लेन्स घातली. दात आवळून, भिंतीला टेकून फोटो काढला आणि पाठवला. उद्या जाऊ दवाखान्यात, एवढा फोटो होऊ दे. लेन्स काढताना कळ मस्तकात गेली आणि तिच्या ध्यानात आलं, की हे तर मुकादमाचं बोलणं. गाडी भरू द्या, मग बघू. फक्त आता म्हणणारी ती स्वतः होती. स्वतःवरच तिचं टाळकं सरकलं. तिनं लेन्स, डबी, औषधाची बाटली सगळं रुमालात बांधलं, किल्ल्या छबुबाईच्या मांडीत टाकल्या आणि डोळ्यावर पदर धरून नगरची एसटी गाठली.

डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला, मग डबी.

"यातलं औषध रोज बदलता?"

"वरनं घालते थोडं."

"आणि जुनं?"

"तसंच. चांगलं व्हतं की. नितळ."

डॉक्टरीणबाईंनी डबी खाली ठेवली. ओरडल्या नाहीत. "एका वापरात त्या औषधातला दम संपतो, ताई. मग त्याच्यातच जंतू वाढतात, आणि ते डोळ्याला दिसत नाहीत. वरून नवं घातलं की तेही त्यांच्यात वाया जातं. बुबुळावर जखम झालीय तुमच्या."

"बरी हुईल न्हवं?"

"बहुतेक. नाही झाली तर जो उजेड कळतो तोही जाईल. फारच झालं तर डोळाच काढावा लागेल. आता मी सांगेपर्यंत लेन्स नाही. लग्नकार्य असू दे, काही असू दे."

लग्नाचं मनिषानं सांगितलंच नव्हतं. सगळ्या बाया तेच विचारत असतील.

"सोबत कोण आहे?"

"कोनी न्हाई. समदी उसाला गेलीत."

वॉर्डात ती एकटी पडून राहिली. तासातासाला थेंब. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला सून होती, लेक होता, डबा होता. मनिषा आपले थेंब आपणच घालायची, मान मागं टाकून, एका हातानं पापणी ओढून. आईला फोन केला. फडातल्या गोंगाटात आईनं सगळं ऐकलं. मग पहिला प्रश्न: "लग्नापातुर निवळंल का डोळा?"

डोळा निवळला. जखम भरली, फूल होतं त्याहून जरा पसरलं. डॉक्टरीणबाईंनी अजून लेन्सचं नाव काढू दिलं नव्हतं. माणसं उसाहून परत आली, किल्ल्या घेऊन गेली, वस्ती पुन्हा बोलायला लागली. कलशाचं कुणी काही बोललं नाही.

लग्नाच्या सकाळी चकलांब्यात, वऱ्हाड उतरवलेल्या खोलीत प्रियदर्शनी आली. पोरगी वाईट नाही, हे सांगितलंच पाहिजे. तिच्या मुठीत एक डबी होती.

"ताई, ही माझी हाय. रंगीत. एकदाच घातलीय मी, लई भारी हाय. तू लाव आन् कलश बी तूच धर. मला काय त्याचं."

"दुसऱ्याची घालत न्हाईत, पियू. आन् मला तर कंचीच न्हाई."

"घटकाभराचा सवाल हाय," सुभद्राबाई दाराशी उभी होती. तिचे हात कोयत्यानं फाटलेले, त्यात हिरव्या बांगड्या. "अक्षता पडल्या की काढ. मी काय तुझी वैरी हाय का? तूच आस लावून बसलती."

"बसलते. पन डोळा जाईल, आई."

"तसं बी काय दिसतंय त्यानं?"

बोलून गेली आणि स्वतःच दचकली. मनिषानं प्रियदर्शनीची मूठ आपल्या हातानं बंद केली.

"हाय तसा डोळा चालत असंल तर मी उभी ऱ्हाते. न्हाई तर तू धर कलश."

तिनं आईकडं बघितलं. खूप वेळ बघितलं. सुभद्राबाई साडीच्या निऱ्या सारख्या करत राहिली. मग म्हणाली, "वाजंत्री आली वाटतं," आणि बाहेर गेली.

मनिषा मांडवामागं गेली, जिथं आचारी बुंदी पाडत होता. "बसा बाई," तो म्हणाला आणि कामाला लागला. तिथून मांडवातल्या लोकांच्या पाठी दिसत होत्या, एवढंच. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा तिच्या मुठीत अक्षता होत्या. पाठींवरूनच तिनं त्या भिरकावल्या. पुढच्या बाईच्या अंबाड्यात पडल्या असतील.

बऱ्याच वेळानं सोमेश्वर बाशिंगासकट तिला शोधत आला.

"ताई! मागं वळून बघतो तर पियू. तुला कोन म्हनलं हितं बस म्हनून?"

मनिषानं त्याच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला. "मीच म्हनले. आचाऱ्याजवळ आपलं कोनी तरी पायजे."

"खोटं बोलू नकोस. चल, फोटो काढू सगळे."

"नवरदेव! ओ नवरदेव!" मांडवातून हाका आल्या, दोघं-तिघं येऊन त्याला दंडाला धरून ओढायला लागले.

"थांब हितंच, येतोच मी," जाता जाता तो म्हणाला.

ती थांबली. पंगती उठल्या, दुसऱ्या बसल्या. आचाऱ्यानं शेवटचा घाणा काढला, तेलाखालची लाकडं ओढून विझवली. फोटोवाला वायरी गुंडाळायला लागला. सोमेश्वर काही आला नाही. मनिषानं दवाखान्याची छोटी बाटली पिशवीतून काढली, हात धुतले, हवेत वाळवले, आणि मान मागं टाकून थेंब घातला.