बाबांचा सीटी आणि दादाचा राउटर

दादाने आणि मी एका घरात राहायला नको होतं, हे दोघांनाही पहिल्या महिन्यातच कळलं होतं. पण महामारीच्या पहिल्या वर्षी माझं कॉन्ट्रॅक्ट तडकाफडकी संपलं, सिडनीत पॅरामॅटातला फ्लॅट सोडावा लागला आणि मी क्वेकर्स हिलला त्याच्या घरी, मागच्या खोलीत येऊन पडलो. पुढे दुसरी नोकरी लागली, तीही घरूनच करायची. तरी दादाच्या लेखी मी पाहुणा तो पाहुणाच. घर त्याचं, इंटरनेट त्याचं, आणि त्याची मीटिंग चालू असताना पाय न वाजवता चालणं हे माझं काम.

तो एका बँकेत आयटी मॅनेजर. मी साधा सॉफ्टवेअर टेस्टर. "त्या काळ्या खिडकीत दिवसभर काय बडवत असतोस रे?" असं तो वहिनीसमोर हसत विचारायचा. वहिनी हसायची नाही. मीही नाही.

दुसऱ्या वर्षी तिकडे भारतात उन्हाळा तापला आणि इकडे सकाळी जॅकेट लागायला लागलं, तेव्हा नाशिकला बाबांना कोविड झाला. हॉस्पिटलात बेड मिळाला, ऑक्सिजन लागला. विमानं बंद होत आली होती. इथून कसंबसं जाता आलं असतं, परत येणं मात्र कुणाच्याच हातात नव्हतं.

"तू जा," दादा जेवताना म्हणाला. "तुला ना बायको, ना पोरं."

"माझा इथला कायमचा व्हिसा अजून यायचाय. गेलो तर तिकडेच अडकेन."

"मग अडक. इथे राहून तरी काय दिवे लावतोयस?"

मी ताट घेऊन उठलो. त्यानंतर आम्ही फक्त बाबांबद्दल बोलायचो, तेही वहिनीमार्फत.

बाबांचा ऑक्सिजन वरखाली व्हायला लागल्यावर दादाने ओळखी लावून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात बेड मिळवला. ही गोष्ट सोपी नव्हती, हे मी आजही मान्य करतो. पण बाबांना घाटातून ॲम्ब्युलन्सने न्यायचं, वाटेत सिलिंडर पुरेल की नाही याचा भरवसा नाही. नाशिकचे डॉक्टर म्हणाले, "नेलंत तर धोका आहे, ठेवलंत तरी आहे. घरच्यांनी ठरवा." आई व्हिडिओवर नुसती डोळे पुसत होती.

"ठरलंय," दादा म्हणाला. "उद्या हलवायचं."

ॲडलेडला युनिव्हर्सिटीत असताना मॉसन लेक्स भागात माझ्याबरोबर एकाच घरात राहणारा एक मित्र आता तिथल्या हॉस्पिटलात रेडिऑलॉजिस्ट आहे. मी दादाला न विचारता त्याला बाबांच्या सीटी स्कॅनचे फोटो पाठवले. नाशिकच्या चुलतभावाने स्कॅनची फिल्म खिडकीला धरून ते मोबाइलवर काढले होते. मित्राने लगेच फोन केला. "यार, इसमें खिडकी के बाहर का पेड़ ज़्यादा दिखता है. ओरिजिनल फाइल भेज."

चुलतभावाने स्कॅन सेंटरमधून लिंक मिळवली. ती संध्याकाळपर्यंतच चालणार होती. ब्राउझरने फाइल उतरवायला घेतली, थोडी आली की तिकडून लाइन तुटायची आणि परत पहिल्यापासून सुरू. दुसऱ्या वेळी तेच, तिसऱ्या वेळी तेच. मग मी कमांड टाइप करायची ती काळी खिडकी उघडली.

कर्ल नावाची एक कमांड आहे. कामावर मी ती रोज वापरतो. तिला पत्ता द्यायचा, ती तिथून फाइल आणते किंवा तिथे फाइल नेऊन ठेवते. बटण नाही, चित्र नाही, पण सांगाल ते करते. पहिल्या खेपेला तिने एवढीशी फाइल आणली, सीटी असूच शकत नाही अशी. मी तिला पूर्ण बोलणं दाखवायला सांगितलं, म्हणजे आपण काय मागितलं आणि समोरच्या सर्व्हरने काय उत्तर दिलं ते. उत्तर होतं: फाइल इथे नाही, दुसऱ्या पत्त्यावर जा. मी एक अक्षर वाढवून सांगितलं, पाठवेल तिथे जा. ती गेली. आकडे सरकू लागले.

लाइन पुन्हा तुटली, तेव्हा मी तिला जिथे थांबली तिथून पुढे घ्यायला सांगितलं. तिने आधीचं सगळं राखलं होतं. आकडे पुन्हा सरकू लागले.

आणि मग सगळंच थांबलं. बाहेर आलो, तर दादा हॉलमध्ये राउटरची वायर हातात धरून उभा.

"माझी मीटिंग अडकतेय. काय उतरवतोयस एवढं?"

"बाबांचा सीटी."

"कशाला?"

"माझ्या मित्राला दाखवायला. न हलवता चालेल का, हे विचारायचंय."

त्याचा चेहरा बदलला. मीटिंगचं निमित्त गळून पडलं. "मी माणसांचे पाय धरून बेड मिळवलाय. आणि तू तुझ्या ॲडलेडच्या दोस्ताकडून मला खोटं पाडणार?"

"तुला खोटं पाडायला मला वेळ नाहीये, दादा. वायर लाव."

"माझं घर आहे हे."

"आणि ते तुझे एकट्याचे बाबा आहेत का?"

तो माझ्या अंगावर आला असता. वहिनी मध्ये आली, त्याच्या हातातून वायर घेतली आणि गुडघ्यावर बसून स्वतः लावली. "भाऊजी, यांची मीटिंग अडकणार नाही असं काही करता येतं का?"

येत होतं. कर्लला वेगाची मर्यादा घालता येते. मी ती घातली, उरलेलं इंटरनेट दादाला सोडलं आणि दार लावून घेतलं. फाइल मुंगीच्या पावलांनी आली, पण लिंक बंद व्हायच्या आत आली. मित्राने त्याच्याकडच्या सर्व्हरवर जागा करून दिली होती, त्याच कमांडने ती तिथे चढवली.

जेवणाच्या आधीच त्याचा फोन आला. मी स्पीकर लावला, आईला व्हिडिओवर घेतलं. दादा दारात हाताची घडी घालून उभा होता. मित्र म्हणाला, फुफ्फुसं खराब आहेत, पण भीती वाटावी इतकी नाहीत. त्याच्या मते ऑक्सिजन मिळतोय तिथून हलवणं जास्त धोक्याचं. त्याने नाशिकच्या डॉक्टरांशीही बोलून घेतलं. त्यांचंही मत त्याच बाजूला झुकलं.

आई आता रडत नव्हती. "इथेच राहू दे त्यांना," ती म्हणाली.

दादाने मुंबईला फोन करून बेड सोडला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्यांना काही झालं, तर तुझं तोंड बघणार नाही."

बाबांना काही झालं नाही. अशक्तपणा बराच काळ राहिला, जिना चढताना अजून थांबतात, पण घरी आले. ते घरी आल्यावर तरी दादा निवळेल असं मला वाटलं होतं. उलट झालं. नातेवाईकांच्या झूम कॉलवर तो म्हणाला, "नशीब म्हणून वाचले. काही लोक बापाच्या जिवावर प्रयोग करतात." मी कॅमेरा बंद केला आणि त्याच दिवशी जागा शोधायला लागलो.

पॅरामॅटात स्टेशनमागे एक खोली मिळाली. वहिनीने डबा भरून दिला. दादा वरच्या मजल्यावर मीटिंगमध्ये होता, किंवा असल्याचं सांगत होता. थोड्याच आठवड्यांत सिडनीला मोठा लॉकडाऊन लागला आणि एकमेकांच्या घरी जायला बंदी आली. आई फोनवर विचारायची, "दादाशी बोललास का?"

"बंदी आहे, आई," मी सांगायचो.

फोनवर बंदी नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं. ती म्हणायची, "बरं," आणि बाबांकडे फोन द्यायची.