फोटो पायजे का छाप?

साऱ्या शिराळा तालुक्यात फोटो ओळखता येणारा आता एकच माणूस उरला आहे आणि तो म्हणजे माझ्या बहिणीचे सासरे, असं निदान माझ्या बहिणीच्या सासऱ्यांचं तरी मत आहे. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. शिराळ्यात त्यांचा स्टुडिओ. आयुष्यभर लाल दिव्याच्या खोलीत फोटो धुवायच्या औषधाच्या ट्रेमध्ये कागद हलवून त्यांची नखं कायमची तपकिरी झालेली. कागदावर उजेड पडून जो उमटतो तो फोटो, आणि प्रिंटरनं शाई शिंपडून काढलेली ती नुसती छाप, यावर त्यांनी कधी तडजोड केली नाही. कुणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी भिंतीवरच्या फोटोपाशी जात, जिभेला बोट लावून कोपरा घासत आणि शाई निघाली की यजमानांना शांतपणे सांगत, "ह्यो फोटो न्हाई. छाप हाय." एका घरी तेराव्याला त्यांनी हार घातलेल्या तसबिरीची काच काढून मागितली. तेव्हापासून गावात त्यांना तेराव्याचं बोलावणं येत नाही.

बहीण लग्न होऊन त्या घरात गेली तेव्हा सासू नव्हती, नवरा फौजेत होता आणि स्टुडिओत दिवसभर चिटपाखरू फिरकत नव्हतं. तिनं सांगलीला जाऊन कॉम्प्युटरचं काम शिकून घेतलं आणि स्टुडिओच्या पुढच्या खोलीत प्रिंटर मांडला. शाळेची आयकार्डं, नागपंचमीच्या गर्दीचे फोटो, बारशाचे अल्बम. घर त्यावर चालायला लागलं. मामांनी हे कधी नाकारलं नाही आणि कबूलही केलं नाही. ते दारातच खुर्ची टाकून बसत.

"आवं मामा, फोटो काडायचाय."

"फोटो पायजे का छाप?"

"फारमाला लावायचाय."

"मग छाप. सूनबाईकडं जा."

आम्ही यावर पोट धरून हसायचो. बहीणही हसायची, पहिली काही वर्षं.

मग सांगलीला एक फोटोंचं प्रदर्शन भरलं. बहिणीनं कुणाला न सांगता एक फोटो पाठवला. लाल उजेडात वाकून ट्रेमधून कागद उचलणारे मामा. त्याला पहिलं बक्षीस मिळालं. आयोजकांना वाटलं, जुने छायाचित्रकार आहेत, सासऱ्यांच्याच हस्ते सुनेला बक्षीस देऊ. मामा कडक इस्त्रीचा सदरा घालून स्टेजवर गेले. पुठ्ठ्यावर चिकटवलेला तो फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. मी पहिल्या रांगेत होतो. मला वाटलं, माणूस विरघळला. तेवढ्यात त्यांनी जिभेला बोट लावलं. या वेळी कोपरा नाही, मधोमध घासलं. फोटोतल्या स्वतःच्याच तोंडावर. गाल आणि कपाळ एक होऊन निळसर डाग पडला. मग माईकवर म्हणाले, "चित्र चांगलं हाय. पन फोटो न्हाई."

हॉलमध्ये दोघेचौघे हसले. बहिणीनं खाली मान घालून बक्षीस घेतलं. परतीच्या एसटीत ती पुढं बसली, मामा मागं. महिन्याभरात, नवरा फौजेतच असताना, ती आपल्या मुलीला घेऊन फलटणला गेली, एका शाळेच्या ऑफिसात लागली. प्रिंटर शिराळ्यातच ठेवला.

मी भांडायलाच शिराळ्याला गेलो. "मामा, तुम्ही तिचं काम पुसून टाकलंत."

"मी खरं तेच बोल्लो."

"ते घरी बोलायचं होतं."

"घरी रोजच बोलतोय की," ते म्हणाले. चूक कुठं झाली हे त्यांना खरंच कळलं नव्हतं, आणि माझा सगळा राग तिथंच कडू होऊन राहिला. स्टुडिओ बंद पडला. सत्याचा विजय झाला आणि त्या घरात चूल पेटवायला कुणी उरलं नाही.

गेल्या वर्षी मामा अचानक फलटणला आले. मीही साताऱ्याहून तिथं गेलो होतो. मामांच्या हातात कसलासा सरकारी फॉर्म होता, त्यावर फोटो हवा होता.

"सूनबाई, माजा एक फोटो काड."

बहीण मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला फोटो कुठं येतो मामा? मला छाप येती."

"व्हय," मामा म्हणाले. मग फॉर्म तिच्यापुढं ठेवून, "तीच काड."

तिनं हात धुतले आणि त्यांना भिंतीशी उभं करून मोबाइलवर फोटो घेतला. डोळे मिटले म्हणून पुन्हा घेतला. दुकानातून प्रती काढून आणल्या, चहा केला. "ऱ्हावा," असं ती म्हणाली नाही आणि "चल घरी," असं ते म्हणाले नाहीत.

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. कराडची गाडी लागली तरी ते बाकावरून उठले नाहीत.

"गड्या, साऱ्या तालुक्याचे फोटो काडले मी," ते म्हणाले. "सूनबाईचा माज्या हातचा एकबी न्हाई. घरातलीच हाय, कवाबी काडू, म्हणत ऱ्हायलो. आता फिलम कुटं मिळती?"

मोबाइल आहे की, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी त्यांची पिशवी उचलली आणि त्यांना खिडकीजवळची जागा धरून दिली.