दादाच्या रचनेचा शेवट

दादाला अर्धांगवायू झाला तो मंगळवार होता. मुंबईच्या वाद्यवृंदात तो बासून नावाचं उंच, खर्जातलं फुंकवाद्य वाजवायचा आणि स्वतः रचनाही करायचा. शेवटच्या रचनेचा फक्त शेवट लिहायचा राहिला होता.

आज वेताची खुर्ची धुताना ओला वास आला आणि आजारी दादाला आमच्या गावी, बोरगाव मेघेला, आणल्यानंतरची ती दुपार आठवली. दादाने वाद्यात फुंकायची वेतासारख्या बोरूची पत्ती नेहमीसारखी तोंडात भिजवली, पण ओठ मिटेनात. लाळ ओघळली.

“काऊन जीव काढून राह्यले जी? राहू द्या ना,” वहिनी म्हणाली.

“शेवट... सांगाचा हाये याले,” दादा माझ्याकडे बघत अडखळत म्हणाला.

त्याला गुणगुणताही येईना. मग डाव्या हाताच्या बोटांनी त्याने माझ्या तळहातावर ठेका धरला आणि सूर कळले का, अशा नजरेने पाहत राहिला.

दादा गेला. तो ठेका मला येतो. सूर कोणालाच माहीत नाहीत.