नाडी न धरणारा डॉक्टर

डॉक्टरनं छडीच्या टोकानं माझा पदर बाजूला सारला.

हात लावायचा नव्हता म्हणून छडी. गिरणीच्या दवाखान्याचा व्हरांडा होता. मी खाली, पायरीच्या पलीकडं उभी. वर तो खुर्चीत. तोंडात पान. आजूबाजूला खात्यातले गडी औषधाला आलेले. त्या सगळ्यांच्या देखत त्यानं छडी माझ्या पोटावर टेकवली आणि विचारलं, "हितं दुखतं?"

मला तिसरा महिना होता. पहिलं पोर. सकाळपासून रक्त जात होतं. लुगड्याला लागू नये म्हणून आत चिंध्या कोंबलेल्या, त्या भिजून जड झालेल्या. मी मान खाली घालून "व्हय" म्हणाले.

"नवऱ्याचंच आहे ना?"

गडी हसले. कंपौंडर हसला. डॉक्टर बोलला तसे पानाचे तांबडे शिंतोडे उडाले, एक माझ्या गालावर पडला. मी तो पुसला नाही. पुसायचं भान नव्हतं.

"तुमच्या बायकांना काही होत नाही. जनावराची जात. औषध पी आणि कामाला लाग."

कंपौंडरनं बाटली उंच धरली आणि वरून ओतलं. मी ओंजळ केली. कडू, गढूळ, कशाचं होतं देव जाणे. ओंजळीतून मी ते प्याले. अजून कधी ओंजळ करून पाणी प्यायची वेळ आली की मला ओकारी येते.

आम्ही रीळखात्यातल्या बाया. सुताची रिळं गुंडाळायची. भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर. मधे बाई मेली तरी रीळ थांबायचं नाही. मी परत जाऊन उभी राहिले. कमरेतून कळा यायला लागल्या. नायकिणीला, म्हणजे आमच्यावरच्या मुकादमिणीला म्हणाले, "बाई, मला घरला जाऊ द्या."

ती म्हणाली, "डॉक्टरला कळतंय का तुला जास्त कळतंय?"

पोर गिरणीच्या संडासात गेलं. माश्यांत. भिंतीला हात टेकून मी बसले होते आणि बाहेरून नायकीण दार बडवत होती, "झोपलीस का गं आत?"

एवढ्यावर संपलं नाही. पुढं थंडी वाजून ताप भरला. अंगावरून जायचं त्याला असा वास यायचा, की मलाच माझी किळस यायची. सासू चांगली बाई, मंद्रूपकडची. पण ती दाराशी पदर नाकाला लावून बसायची. "व्हतंय बायकांचं असं. डॉक्टरनं बघितलंय की," म्हणायची. बघितलंय! छडीनं.

नवरा घाबरला तो मला तापात बडबड सुटली तेव्हा. त्यानं मला टांग्यात घातलं आणि बायकांच्या दवाखान्यात नेलं. टांगेवाल्यानं वासानं तोंड फिरवलं, पण नेलं.

तिथं डॉक्टरीणबाई होती. तिनं हात धुतले आणि माझं मनगट धरलं. कपाळाला हात लावला. पोट दाबून बघितलं. मी रडायला लागले. तिला वाटलं दुखतंय. दुखत नव्हतं. जात-पात न विचारता मला शिवणारं शिकलेलं माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

पोर सगळं पडलं नव्हतं. आत राहिलेलं सडत होतं. तिनं ते काढलं. मी बरेच दिवस तिथं पडून होते. बसती झाले तेव्हा ती कॉटवर टेकून बोलली. रागावली होती, पण माझ्यावर नाही.

"पाळी चुकलेल्या बाईला रक्त दिसलं की वाट बघायची नाही. थोडं असलं तरी येऊन दाखवायचं. पोटात एका अंगाला सारखी कळ मारत असेल, अंधारी येत असेल, खांदा दुखत असेल, तर चूल पेटती सोडून यायचं. ते गर्भ भलत्या जागी धरल्याचं असतं. आत फुटतं. बाहेर रक्त दिसतं थोडं, बाई मरते आतल्या आत. ताप आला, वास आला तरी तसंच. आणि पाण्याचा घोटसुद्धा पोटात ठरत नसेल तर त्याला डोहाळे म्हणून हसायचं नाही."

मी विचारलं, "आन डॉक्टर शिवतच नसंल तर?"

ती म्हणाली, "तर तो डॉक्टर नाही."

ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. तोवर मला वाटायचं, आपणच घाण.

मी परत कामाला लागले. पोटाला लागतंच. माझी धाकटी नणंद चंद्रीही त्याच खात्यात होती. नवं लग्न. पाळी चुकलेली, लाजून कुणाला सांगत नव्हती. एके दुपारी ती रिळाजवळ उभ्याउभ्या पांढरी पडली. मी धरलं. अंगाला गार घाम.

"वैनी, डाव्या अंगाला सुरी खुपसल्यागत हुतंय. खांदाबी दुकतोय. अंधारी येतीय."

"रगत?"

"उलसं. कालपास्नं."

मी तिला काखेत धरून निघाले. नायकीण आडवी आली. तिच्या मागून जॉबर आला, माणसं कामावर घेणारा-काढणारा. म्हणाला, "आधी आपल्या डॉक्टरकडं. त्यानं सोडलं तर जायचं. न्हायतर उद्या दोघी येऊ नका."

खातं माझ्याकडं बघत होतं. मी चंद्रीला आणखी घट्ट धरलं. तोंडातून आवाज आला तो माझाच होता.

"त्येच्यापुढं आता माजी बाई उबी करनार न्हाय. त्यो छडीनं बगतो. सरा बाजूला."

"काय म्हनलीस?"

"सरा म्हनलं. ही हितं मेली तर मडं तुमच्या दारात ठिवीन."

तो सरला. बाया? बहुतेकींनी माना खाली घातल्या आणि रिळं फिरवत राहिल्या. त्यांची मला शिसारी आली, अजून येते. दोघी मात्र आल्या. एकीनं चंद्रीचे पाय उचलले. फाटकावर पहारेकरी काही बोलायच्या आत आम्ही बाहेर होतो.

डॉक्टरीणबाईनं चंद्रीला बघितलं आणि लगेच आत घेतलं. पोट फाडावं लागलं. आत रक्ताचं तळं झालं होतं. थोडा उशीर झाला असता तर गेली असती, म्हणाली. चंद्री जगली. अजून जगते आहे, तिला नंतर मुलगी झाली.

माझं आणि चंद्रीचं काम गेलं. सासू महिनाभर माझ्याशी बोलली नाही. जॉबरला कुणी काही केलं नाही. तो डॉक्टर तिथंच राहिला, पान खात. लोक त्याला नमस्कार करत राहिले. मी केला नाही. समोर आला की मी थुंकायची. बाजूला नाही, समोर.

आता मी आमच्या वस्तीत दारोदार जाते. कुठल्या सुनेला दिवस गेलेत, मला कळतं. मी पदर धरून विचारते, रगत जातंय का, कळ हाय का, चक्कर येती का. बायका लाजतात. सासवा म्हणतात, काय ही निर्लज्ज. म्हणू देत. लाज धरून आमच्या किती जणी मातीत गेल्या, ती लाज मला नको.

आणि न्यायचं कुठं, तर जिथला डॉक्टर हात लावून बघतो तिथंच. सासू आडवी आली तर सासूला ढकलीन. जॉबर आला तर जॉबरला. नवरा आला तर त्यालाही.