आई, झालात का वॉर्म अप?

दवाखान्यातून दिराचा फोन आला, ‘वहिनी, आई गेली’, तेव्हा मी तिसरीच्या वर्गावर इंग्रजी शिकवत होते. खडू हातातच राहिला. त्याला आता काही आठवडे झाले, पण सासूबाईंची आठवण निघाली की मला अजून आधी हसू येतं, मग रडू... काय करणार, बाईच तशी होती.

मी अमरावतीकडची, त्या धुळ्याकडच्या, आणि संसार सुरतेत, गोडादऱ्याला. घरात सगळे अहिराणी बोलत. माझ्याशी मात्र त्या जपून मराठी बोलायच्या, पाहुण्याशी बोलावं तसं, आणि तेच मला सलायचं. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत एकदा त्यांनी न मागता माझ्या ताटात गरम कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी वाढली, वर ठेचा. मला इतका आनंद झाला की मी लगेच मैत्रिणीला फोनवर सांगितलं, ‘शी इज वॉर्मिंग अप टू मी.’ दीर तेव्हा नुकताच इंग्रजीच्या क्लासला जाऊ लागला होता. त्यानं आत जाऊन भाषांतर करून टाकलं: वहिनी सांगतेय, आई माझ्यावर गरम होतेय.

झालं! दुपारभर त्या माझ्याकडे पाठ करून, कामाला घेतलेल्या साडीवर टिकल्या चिकटवत बसल्या. संध्याकाळी समोर येऊन थेट विचारलं, “मी कव्हय गरम व्हयनू तुनावर?” म्हणजे, मी कधी तापले तुझ्यावर? त्यांचे डोळे भरून आलेले. माझ्याशी पहिल्यांदा अहिराणी बोलल्या, तीही अशी! मी घाईघाईनं समजावलं, की इंग्रजीत तसं म्हणजे राग नाही हो, हळूहळू माया लागणं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, थंड देशातल्या लोकांना गरम म्हणजे चांगलंच वाटणार, मे महिन्यात सुरतेला येऊन बघा म्हणावं.

तो शब्द मात्र त्यांनी धरूनच ठेवला. स्कूटर चालू होईना, वॉर्म अप होऊ दे. मॅचआधी पोरं मैदानात उड्या मारतायत, वॉर्म अप. कालचं वरण गॅसवर, तेही वॉर्म अप. शेजारी नवीन आलेली गुजराती बेन बोलेना, तर होईल हळूहळू वॉर्म अप. मी संधी साधून विचारायची, आणि आई, तुम्ही झालात का? ‘होतेय, होतेय,’ म्हणत त्या कामाला लागायच्या. थट्टाच होती ती. पण मी दर वेळी उत्तराची वाट बघायची, खोटं कशाला बोलू? अशी कित्येक वर्षं गेली.

शेवटच्या संध्याकाळी दवाखान्यात त्यांचे पाय गार पडले होते. मी तळवे चोळत बसले. जरा वेळानं विचारलं, “आई, वाटतंय का गरम?”

डोळे मिटलेलेच होते. ओठांच्या कोपऱ्यात मात्र हसू आलं.

“तुनावर? ते तं कव्हयच व्हई गयं...” आणि थोडं थांबून, “आते पाय सोड, पोरी. तुना हात दुखतीन.”